विश्लेषण : प्रज्ञावंत विद्यार्थी शोधले, पण त्यांना शिकवायचे काय?

शिष्यवृत्तीचा निकाल लागला, की शाळेच्या फाटकावर गुणवंतांच्या छायाचित्रांचा फलक झळकतो. वर्गात मात्र फारसे काही बदलत नाही. ज्याला धडा दहा मिनिटांत समजला, तोही उरलेल्या तासिकेत तीच उदाहरणे सोडवतो किंवा इतरांच्या वह्या तपासतो. हुशार मुले शोधण्यासाठी परीक्षा आहेत. त्या मुलांनी वर्षभरात काय शिकावे, हे मात्र क्वचितच ठरवले जाते.

धोरण काय सांगते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र भाग आहे. शाळा, शाळा संकुल आणि जिल्हा पातळीवर विषयमंडळे, प्रकल्प, ऑलिम्पियाड स्पर्धा आणि बीएडमध्ये या विषयाचे विशेष प्रशिक्षण, असे उपाय त्यात सुचवले आहेत. दुसरीकडे, १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली. प्रज्ञावंतांच्या शिक्षणाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी याच विचारातून उभी राहिली. प्रश्न सर्वसामान्य शाळेतील वर्गाचा आहे.

वेगळे ध्येय म्हणजे काय?

पाचवीच्या मुलाला सहावीचे पुस्तक देणे हा एक मार्ग झाला. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा रिकामाच बसणार. दुसरा मार्ग त्याच विषयात खोल जाण्याचा. अपूर्णांकांचेच पाहा. वर्गाचे ध्येय ‘लहान-मोठा अपूर्णांक ओळखणे’ हे असेल. पुढे गेलेल्या मुलासमोर १/३ आणि १/२ ठेवायचे. अंशात अंश, छेदात छेद मिळवला की २/५ मिळतो आणि तो नेमका दोघांच्या मधे येतो. असे नेहमीच होते का? का होते? दोन अपूर्णांकांमध्ये आणखी किती अपूर्णांक सापडतील? यासाठी नवे पुस्तक लागत नाही. मात्र मुलाला पडताळणे, कारण देणे आणि चुकीचा अंदाज सोडून देणे शिकावे लागते. ध्येय गुणांत न मांडता अशा कृतींत मांडायला हवे.

नजरेतून कोण सुटते?

परीक्षेत चमकणारे मूलच प्रज्ञावंत, हे गृहीतक धोक्याचे आहे. घरी गोंडी किंवा भिली बोलणारे मूल प्रमाण मराठीतील प्रश्नाशी अडखळते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची तल्लख बुद्धी त्याच्या अक्षरामागे झाकली जाते. शिकवणीचा खर्च न परवडणारी मुले तर यादीपर्यंत पोहोचतच नाहीत.

काय करता येईल?

घटक सुरू करण्यापूर्वी छोटी चाचणी घ्यावी. जे येते ते पुन्हा करून घेऊ नये. वाचलेल्या वेळेसाठी प्रत्येक सत्रात दोन-तीन ध्येये शिक्षक आणि विद्यार्थ्याने मिळून लिहावीत. एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळत असेल, तर हे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. केंद्र पातळीवर तयार प्रश्नसंच आणि मार्गदर्शक हवेत.

हुशार मूल आपले आपण शिकते, हा समज सोयीचा आहे, खरा नाही. कष्ट न करता पहिला नंबर मिळवण्याची सवय लागलेले मूल पहिल्या खऱ्या अवघड प्रश्नापाशी गडबडते. तो प्रश्न त्याला प्राथमिक शाळेतच, शिक्षक सोबत असताना भेटायला हवा.