शिकारीचा शौक आणि शेताचें रक्षण

शेतांत शिरून पिकाचा नाश करणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रश्न निघाला कीं एक उत्तर ठरलेलें असतें. "बंदुकवाल्यांस मोकळीक द्या, त्यांचा शौक भागेल, शेतकऱ्याचें पीक वांचेल, आणि सरकारास एका पैचाही खर्च पडणार नाहीं." हें उत्तर ऐकावयास इतकें गोड आहे कीं, त्याचा हिशेब तपासण्याची बुद्धि सहसा कोणास होत नाहीं. परंतु जो सौदा तिन्ही पक्षांस फुकट नफा कबूल करतो, त्याची खातेवही अगोदर पाहावी, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा उपाय मोठ्या प्रमाणावर व पुष्कळ वर्षें करून पाहण्यांत आला आहे. तेव्हां त्याचा जमाखर्च पाहूनच आपण मत बनवावें हें बरें.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. शेताच्या रक्षणासाठीं जनावर मारणें ही एक गोष्ट आहे, आणि करमणुकीसाठीं मारणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे. पहिलीचें काम दुसरीवर सोंपविलें म्हणजे जनावरें कमी होत नाहींत, आणि प्रसंगीं तर वाढतात. कारण ज्यास शिकारीची गोडी लागली त्यास शिकार संपलेली कशी चालेल?

अमेरिकेंत डुक्कर हा मूळचा प्राणी नव्हे. १५३९ सालीं हेर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां त्यानें शिधा म्हणून डुकरें बरोबर आणिलीं होतीं. पुढें वसाहतवाल्यांनीं आपलीं डुकरें रानांत मोकळीं चारण्याचा प्रघात घातला, व त्यांपैकीं कित्येक रानांतच राहून रानटी बनलीं. येथपर्यंतचा दोष निष्काळजीपणाचा होता. पुढचा दोष मात्र शौकाचा आहे. १९१२ सालीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत हूपर बाल्ड नांवाच्या डोंगरावर जॉर्ज गॉर्डन मूर यानें खाजगी शिकारीचें रान राखून त्यांत परदेशचीं रानडुकरें आणविलीं. तीं कालांतरानें कुंपणांतून निसटलीं, आसपासच्या मोकाट डुकरांत मिसळलीं, आणि त्यांची प्रजा शेजारच्या टेनेसी संस्थानांत पसरली. पाहुण्यांस चार दिवस नेमबाजी करतां यावी म्हणून आणिलेलें हें संकट शंभर वर्षें लोटलीं तरी त्या मुलुखाच्या मानगुटीवरून उतरलेलें नाहीं.

आज तीसांहून अधिक संस्थानांत हीं डुकरें आहेत, व त्यांची संख्या साठ लक्षांच्या घरांत मोजली जाते. तेथील शेतकीखात्याच्या अंदाजाप्रमाणें नुकसान दरसाल दीड अब्ज डॉलरांहून अधिक आहे. पेरलेल्या मक्याचे दाणे तासांतून उकरून खाणें, भुईमुगाचें शेत एका रात्रींत नांगरल्यासारखें करून टाकणें, कुरणें उखणणें, पाणवठे चिखल करून नासणें, नवीं जन्मलेलीं कोंकरें खाणें, आणि पाळीव गुराडुकरांस रोग लावणें, असे त्यांचे उद्योग आहेत. मादी वर्षाची होण्यापूर्वींच विण्याजोगी होते, एका वेतास चारपासून आठपर्यंत पिलें देते, आणि अन्न मुबलक असल्यास वर्षांत दोनदां विते. असा हा शत्रु आहे.

आतां या शत्रूवर शौकीन शिकाऱ्यांची फौज पाठविल्यानें काय झालें तें पाहूं. टेक्सस संस्थानांत बहुतेक सारी जमीन खाजगी मालकीची आहे. मालमत्ता तरी केवढ्या! तेथील किंग रँच ही एकटी ८,२५,००० एकरांची, म्हणजे आपल्या मुंबई शहराच्या पांचपटीहून मोठी आहे. डुकरें मारण्यास तेथें कायद्याची अडचण जवळजवळ उरलेलीच नाहीं. २०११ सालीं हेलिकॉप्टरांतून गोळ्या घालण्याची मुभा शौकिनांस पैसे मोजून मिळूं लागली. २०१९ सालीं, जमीनमालकाची संमति असल्यास, शिकारीच्या परवान्याचीही गरज राहिली नाहीं. तरीही पंचवीस लक्षांवर डुकरें त्या एका संस्थानांत आहेत असें सांगतात. याचें गणित तेथील टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या तज्ज्ञांनीं मांडून दाखविलें आहे. शंभर डुकरें असलीं तर तीं शंभरच राहावीं एवढ्यासाठीं दरसाल सुमारें सहासष्ट मारलीं पाहिजेत. आणि शिकार, पिंजरे वगैरे सर्व उपाय मिळून मरत होतीं तीं सुमारें एकोणतीस. म्हणजे व्याजही फिटत नाहीं, मग मुद्दल कोठून फिटणार?

याहून बोधप्रद गोष्ट टेनेसीची आहे. तेथें डुकरें थोड्या परगण्यांत होतीं तेव्हां, म्हणजे १९९९ सालीं, त्यांचा नायनाट व्हावा म्हणून सरकारनें सर्व संस्थानभर शिकार खुली केली. कितीही मारा, मर्यादा नाहीं. परिणाम काय झाला? या मोकळिकीच्या वर्षांतच डुकरांचा फैलाव सर्वांत अधिक झाला. जेथें पूर्वीं एकही डुक्कर नव्हतें, अशा दूरदूरच्या परगण्यांत तीं एकाएकीं दिसूं लागलीं. डुकरें कांहीं आगगाडीनें प्रवास करीत नाहींत. घराजवळ शिकार मिळावी म्हणून शौकिनांनींच तीं गाड्यांत घालून नेऊन सोडलीं होतीं. कुंपणच शेत खाऊं लागलें! अखेर २०११ सालीं सरकारनें नियम फिरविले. डुकरास शिकारीच्या जनावरांच्या यादींतून काढलें, त्यास नेणें व सोडणें हा गुन्हा केला, सार्वजनिक शिकार बंद केली. शेतकऱ्याचा स्वतःच्या जमिनीवर डुक्कर मारण्याचा हक्क मात्र कायम ठेवला. शौक व रक्षण यांमधील जो भेद आम्ही वर सांगितला, तोच येथें कायद्यांत उतरला आहे.

कॅन्सस संस्थान तर याहून शहाणें निघालें. त्यानें २००६ सालींच, डुकरें थोडीं असतांना, शौकाच्या शिकारीस बंदी केली, आणि त्यांस हुडकून मारण्याचें काम सरकारी माणसांवर सोंपविलें. आज शेजारच्या ओक्लाहोमांत डुकरें सर्व ७७ परगण्यांत आहेत. कॅन्ससमध्यें तीं थोड्याशा भागांतच अडवून धरलेलीं आहेत. मिसूरीनें २०१६ सालीं आपल्या संरक्षित सरकारी जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली, व लोकांस सांगितलें कीं, डुक्कर दिसल्यास गोळी घालूं नका, खात्यास कळवा. याचें कारण साधें आहे. डुकरांचा कळप आमिषाला हळूहळू सरावतो. मग तारेच्या मोठ्या कोंडवाड्यांत सबंध कळप एकदम अडकवितां येतो. परंतु ऐन वेळीं एखादा हौशी येऊन एका डुकरावर बार काढतो. तें एक मरतें, बाकीचीं वीस चहूंकडे पांगतात, सावध होतात, आणि पुनः आमिषाकडे फिरकत नाहींत. शौकिनास सुळेवाला नर हवा असतो. शेताची हानि थांबावयास हवी असेल तर विणाऱ्या माद्या प्रथम गेल्या पाहिजेत. एकाचा हेतु दुसऱ्याच्या हेतूस असा आडवा येतो.

यांत सर्व दोष शिकाऱ्याचाच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मोठ्या मालमत्तांचे कांहीं मालकही या व्यवहारांत भागीदार आहेत. ज्या रँचवर डुकराच्या शिकारीसाठीं माणशीं फी घेतली जाते, त्या मालकास डुक्कर हें नुकसानीचें खातें राहत नसून उत्पन्नाचें खातें बनतें. फी त्याच्या तिजोरींत पडते. डुकरें मात्र रात्रीं कुंपणाखालून शेजारच्या लहान शेतकऱ्याच्या मक्यांत जातात. ज्या वैद्याची पेढी रोग्याच्या दुखण्यावर चालते, त्याच्यावर दुखणें बरें करण्याची जबाबदारी टाकण्यासारखेंच हें आहे.

कोणी म्हणेल, "पिंजऱ्यांत धरूनही शेवटीं मारावयाचेंच, मग दयेचें सोंग कशाला?" आम्ही दयेच्या नांवावर हा मुद्दा मांडलेला नाहीं, पण दयेचा विचार केला तरी तो आमच्याच बाजूस पडतो. वर्षानुवर्षें थोडींथोडीं मारीत राहून संख्या कायम ठेवणें यापेक्षां एकदांच नेटानें काम उरकणें यांत एकंदर हत्या कमीच होते. दुसरा आक्षेप असा कीं, गोरगरीब शिकाऱ्यास यांत मांस मिळतें व चांगल्या नेमबाजाचें कसब वायां जाऊं नये. आमचेंही म्हणणें तेंच आहे. कसबास काम द्यावें. परंतु तें ठरलेल्या योजनेच्या हुकुमांत द्यावें, आणि मोबदला काम पुरें झाल्याबद्दल द्यावा. नेमबाज हा या कामांत नोकर असावा, धनी नसावा.

इतक्या दूरच्या हकीकतीचा आपणांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, अमेरिकेंतील तें डुक्कर आणि आपल्या महाराष्ट्रांतील रानडुक्कर हीं एकाच जातीचीं आहेत, आणि आपल्याकडेही विदर्भांत, कोंकणांत, घाटमाथ्यावर शेतकरी रात्रीरात्री जागून पीक राखतो व त्रासून "शिकार खुली करा" असें म्हणतो. त्याचा त्रास खरा आहे, यांत तिळमात्र संशय नाहीं. पण तेथील उपाय जसाच्या तसा उचलणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तेथें डुक्कर हा परका पाहुणा आहे. येथें तो या भूमीचा रहिवासी असून वाघबिबट्यांचें भक्ष्य आहे. तेथें एकेक मालमत्ता लक्षावधि एकरांची. आपल्या राज्यांत सरासरी शेत, २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें, दीड हेक्टराहूनही कमी आहे. अशा गर्दीच्या मुलुखांत शौकिनांच्या बंदुका मोकळ्या सुटल्या तर माणसांसच धोका. कुंपणास चोरून विजेचा प्रवाह सोडण्याचा जो मार्ग कित्येक जण पतकरतात, त्यानें डुकराबरोबर वाघही मेले आहेत व माणसेंही मेलीं आहेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत उपद्रवी जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि पिकाच्या नुकसानीबद्दल भरपाई देण्याचीही सरकारी व्यवस्था आहे. तेव्हां मागावयाचें तें हें: परवानगी वेळेवर मिळावी व ती पिकाच्या धन्यासाठीं असावी, काम जबाबदार माणसांकडून, गांवगन्ना हिशेब ठेवून व्हावें, भरपाईचे पैसे पुढचा हंगाम येण्यापूर्वीं हातीं पडावे, सामायिक कुंपणास सरकारनें सढळ हातानें मदत करावी, आणि शिकारीस फी लावून तिचा बाजार मांडण्याची वाट कोणीं काढूं लागल्यास ती आरंभींच बंद करावी. यांस खर्च पडेल, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु फुकटच्या उपायाचें बिल टेनेसीच्या शेतकऱ्यांकडे गेलें, तें आमच्या शेतकऱ्यांकडे येऊं नये. शेत राखावयाचें असेल तर राखणदार नेमावा. हौशी पाहुण्याच्या भरंवशावर खळें उघडें टाकून कोणी निजत नाहीं.