ग्रीन टीचा सेंट आणि मानेवरचे डाग

वैशाखाचे ऊन तापू लागले की दवाखान्यात घामोळे आणि गजकर्णाच्या रुग्णांची रांग लागते. गेल्या मे महिन्यात मात्र एक आई आपल्या लेकीला वेगळीच तक्रार घेऊन आली. मुलीच्या मानेवर दोन्ही बाजूंना तपकिरी, ओघळासारखे लांबट पट्टे उमटले होते. "डॉक्टर, हिचं लग्न जुळत आलंय. कोडाची सुरुवात तर नाही ना?" आईच्या डोळ्यांत पाणी होते.

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. मुंबईच्या मामाने 'ग्रीन टी'च्या वासाचा सेंट भेट दिला होता. वास ताजा, हलका, उन्हाळ्यासाठी झकास. मुलगी रोज सकाळी तो मानेवर फवारून भर उन्हात स्कूटीवरून कॉलेजला जात होती.

नाव चहाचे असले तरी असा वास बहुधा निरनिराळी सुगंधी द्रव्ये जुळवून आणलेला असतो. ताजेपणासाठी त्यात लिंबाच्या जातीच्या फळांची तेले घालतात. त्यांपैकी बर्गामॉट या फळाच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. ते कातडीवर असताना ऊन लागले, की तेवढीच जागा भाजल्यासारखी होऊन काळवंडते. जिथे थेंब ओघळला, तिथेच डाग. हे द्रव्य काढून टाकलेले तेलही मिळते. पण बाटलीत कोणते आहे, हे आपल्याला वासावरून कळत नाही.

हे कोड नव्हे आणि संसर्गही नव्हे. मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. कोणाच्या तरी सांगण्यावरून मुलीने तीन आठवडे स्टिरॉइडचे मलम चोळले होते. अशा मलमाने कातडी पातळ होते आणि दुखणे वाढते. डाग दिसला की आधी डॉक्टरांना दाखवा, मलम नंतर.

सुगंधाला माझा विरोध नाही. माठातला वाळा आणि वेणीतला मोगरा मलाही आवडतो. मात्र काही पथ्ये पाळावीत. सेंट अंगावर नको, कपड्यावर लावावा. तोही आधी कोपऱ्यावर लावून डाग पडत नाही ना, हे पाहून. उष्णतेने वास लवकर पसरतो, म्हणून उन्हाळ्यात एकच फवारा पुरे. त्यात अल्कोहोल असते, तेव्हा गॅसच्या शेगडीजवळ फवारू नये. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर उग्र वास टाळलेलाच बरा. आणि सेंट म्हणजे आंघोळ नव्हे. ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जंतू त्यावर वाढले की दुर्गंधी येते. त्यावर साबण, पाणी आणि धुतलेले सुती कपडे हाच उपाय.

मुलीचे मलम बंद केले, मान ओढणीने झाकायला सांगितली. दिवाळीच्या सुमारास ती पत्रिका द्यायला आली, तेव्हा डाग जवळजवळ गेले होते. सेंटचा मंद वास येत होता, पण ओढणीचा!