ओठावरची न भरणारी जखम

कपाशीच्या पानावर ठिपका दिसतांच आमचे शेतकरी बंधु कृषि कार्यालय गांठतात. परंतु स्वतःच्या ओठावर महिनाभर न भरलेली जखम ते अंगावर काढितात, हें आम्हांस नवल वाटतें. तंबाखूचा बार जेथें रोज धरावा, विडी ज्या कोपऱ्यांत लोंबावी, तेथें कर्करोग मूळ धरितो. वर्षानुवर्षें सोसलेलें ऊनही खालच्या ओठास बाधतें. मिशरी लावणाऱ्या घरच्या मंडळीही यांतून सुटत नाहींत. आरंभीं दुखत नाहीं, हीच खरी फसवणूक. पांढरा चट्टा, पुनःपुन्हां धरणारी खपली, टणक कडांची किंवा सहज रक्त येणारी चीर तीन आठवड्यांत न भरल्यास डॉक्टरांस दाखवावी. चुना, मोरचूद लावून ती जाळणें म्हणजे कागदावर खाडाखोड करून थकबाकी मिटविणें होय! बारीक तुकडा काढून तपासल्यावांचून निदान पक्कें होत नाहीं. रोग लहान असतां शस्त्रक्रियेनें वा किरणोपचारानें बहुतेक बरे होतात. मानेंत गांठी उतरल्यावर काम अवघड. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या रोगावर उपचार करीत आहे. पहिली तपासणी मात्र जिल्हा रुग्णालयांतही होते. तेथें सुगीपूर्वींच जावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.