मे महिन्याच्या दुपारी टिकेल, तोच वेग आपला

टेंभुर्णी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सोलापूरकडचं टेंभुर्णी आठवतं. आपलं वेगळं. जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. इथला एखादा पोरगा किंवा पोरगी संभाजीनगरला, जालन्याला शिकायला जाते, सोयाबीन-कापसाच्या पैशातून घरी एक डेस्कटॉप येतो. प्रोजेक्ट त्याच्यावर, व्हिडिओ एडिटिंग त्याच्यावर आणि रात्रीचं गेमिंगही त्याच्यावरच. मग चार-सहा महिन्यांत कुणीतरी सांगतं, "अरे, प्रोसेसर ओव्हरक्लॉक कर ना, फुकटात स्पीड मिळते." आणि पुढचा प्रश्न ठरलेला: किती व्होल्टेज सेफ? किती टेम्परेचरपर्यंत चालतं?

उत्तरंही तयार असतात. "१.३५ टाक, बिनधास्त." "नव्वदपर्यंत काही होत नाही." माझं म्हणणं एवढंच आहे की हे आकडे खोटे नसतील, पण ते तुमचे नाहीत. ते दुसऱ्याच्या प्रोसेसरचे, दुसऱ्याच्या कूलरचे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या खोलीचे आहेत. ज्याने तो व्हिडिओ बनवला, त्याच्या खोलीत एसी होता. तुमच्या डोक्यावर पत्रा आहे.

खोलीचा हिशेब आधी

पंखेवाला कूलर असो की पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता हवेत टाकतो. म्हणजे प्रोसेसरचं तापमान = खोलीचं तापमान + वरची वाढ. ही वाढ प्रोसेसर किती वॅट खातो आणि कूलर किती चांगला, यावर ठरते.

समजा, २२ अंशांच्या खोलीत फुल लोडवर एक प्रोसेसर ७२ वर थांबतो. वाढ झाली ५० अंश. तोच पीसी, तोच कूलर आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या खोलीत ठेवा. आकडा साधारण ९२ होणार. कुठलीही सेटिंग बदलली नाही, तरी २० अंश वाढले.

आता ओव्हरक्लॉक करू. प्रोसेसरची वीज मोजायचं सूत्र इंजिनिअरिंगवाल्यांना पाठ असेल: वीज ही फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे फ्रिक्वेन्सी १० टक्के वाढवली आणि ती पेलण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. उत्तर १.३३. वेग १० टक्के जास्त, उष्णता ३३ टक्के जास्त. प्रत्यक्षात लीकेजमुळे थोडी अजूनच. मघाची ५० अंशांची वाढ आता ६६ झाली. थंड खोलीत ८८, चालून जाईल. आपल्या खोलीत १०८.

१०८ कधी दिसणार मात्र नाही. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५ आणि रायझन ७ ७८००एक्स३डी ची तर ८९. त्या रेषेला हात लागला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे डिसेंबरच्या रात्री कमावलेले १० टक्के मे महिन्याच्या दुपारी प्रोसेसर परत घेतो, कधी कधी व्याजासकट. तुम्ही उष्णता वाढवलीत, वीजबिल वाढवलंत आणि वेग होता तिथेच किंवा त्याच्याही खाली.

व्होल्टेज: मोटरवरून समजून घ्या

शेतात मोटर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, व्होल्टेज कमी आलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळतं. प्रोसेसरचं उलट आहे. त्याला जास्त व्होल्टेज मारतं. पण दोन्हीकडे शेवटी घात करते ती उष्णता आणि करंट. फरक एवढाच की मोटर रिवायंडिंगला टाकता येते. प्रोसेसरचं रिवायंडिंग जालन्यात होत नाही, मुंबईतही नाही आणि ज्या कारखान्यात तो बनला तिथेही नाही.

आत नेमकं काय होतं? प्रोसेसरमधल्या धातूच्या तारा आपल्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. त्यातून जास्त करंट जोरात वाहिला की इलेक्ट्रॉन धातूचे अणूच हळूहळू पुढे ढकलतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. पाटाला पाण्याचा जोर जास्त सोडला की काठाची माती वाहून जाते, तसंच. एका दिवसात पाट फुटत नाही. तापमान जास्त असेल तर ही झीज आणखी वेगाने होते. जास्त व्होल्टेजमुळे ट्रान्झिस्टरवर येणारा ताण वेगळाच. म्हणून "मी सहा महिने १.४५ वर चालवतोय, काही झालं नाही" या वाक्याला फारसा अर्थ नाही. झीज आधी दिसत नाही. मग एक दिवस जी सेटिंग चालत होती, ती क्रॅश व्हायला लागते. आणखी व्होल्टेज दिलं की महिनाभर चालते. मग तेही पुरत नाही.

हे फक्त हौशी पोरांच्या बाबतीत होतं असं समजू नका. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये क्रॅशच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीला सांगावं लागलं: प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, कारण मायक्रोकोडमध्ये चूक होती. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने ती मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते या अपडेटने बरे झाले नाहीत.

त्याआधी २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो आले. तिथे रॅमचं एक्सपो प्रोफाइल चालू केलं की काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज फार वर नेत होते. एएमडीने मग ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. बघा, यातल्या बऱ्याच लोकांनी कोअरला हातही लावला नव्हता. फक्त रॅमचा एक पर्याय ऑन केला होता आणि बाकी 'ऑटो' वर सोडलं होतं. 'ऑटो' म्हणजे सेफ, हा समज तेव्हाच मोडला.

स्क्रीनवरचा १.४५ पाहून फसू नका

इथे बरेच जण गोंधळतात. रायझन ५००० वाल्याने एचडब्ल्यूइन्फो उघडलं की हलक्या कामात १.४५ व्होल्ट दिसतात. "कंपनीच देते, मग मी का नको?" कारण कंपनी ते एक-दोन कोअर हलकं काम करत असताना, करंट कमी असताना देते. सगळे कोअर जोरात लागले की प्रोसेसर स्वतः व्होल्टेज खाली आणतो. तुम्ही बायोसमध्ये १.४५ फिक्स केलंत, तर तो हा खाली येण्याचा रस्ताच बंद होतो. सगळ्या कोअरचा करंट, वर पूर्ण व्होल्टेज. म्हणून त्या पिढीसाठी जाणकार लोक सगळ्या कोअरच्या लोडला १.२५ ते १.३ च्या पुढे फिक्स व्होल्टेज नको म्हणतात. जुन्या ३२ नॅनोमीटरच्या सँडी ब्रिजला १.३५ सहज चालायचं. पिढी बदलली की आकडा बदलतो. दुसऱ्या पिढीचा आकडा आपल्या बायोसमध्ये टाकणं म्हणजे शेजारच्याचा चष्मा घालून गाडी चालवणं.

आणि एक गोष्ट. भिंतीतलं व्होल्टेज आणि प्रोसेसरचं व्होल्टेज यांचा थेट संबंध नाही. मधे एसएमपीएस आहे, मदरबोर्डचं व्हीआरएम आहे. स्टॅबिलायझर लावला म्हणून १.४५ सेफ होत नाही. पण आपल्याकडच्या लाइटचा प्रश्न दुसरीकडे नडतो. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. म्हणून अपडेट यूपीएसवरच करा. घरच्या इन्व्हर्टरचं आउटपुट स्क्वेअर वेव्ह असेल, तर ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसशी त्याचं कधी कधी पटत नाही, हेही तपासा. आणि अर्थिंग. बऱ्याच घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसरी तार कुठेच गेलेली नसते. ओव्हरक्लॉकिंगआधी तेवढं वायरमनला दाखवा.

मग ओव्हरक्लॉक करायचंच नाही का?

करा की. त्यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पुस्तकातून क्वचितच मिळेल. पण कशासाठी करतोय, ते स्वतःला विचारा. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही बहुतेकदा साध्या हवेच्या कूलरवर. ते दिवस गेले. आजचे प्रोसेसर टर्बो, बूस्ट या नावांनी आपला बहुतेक वेग कारखान्यातूनच काढून घेतात. हाताने केलेल्या ओव्हरक्लॉकमधून बहुतेक वेळा थोडेच टक्के उरतात आणि गेममध्ये तर अडथळा बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाचा असतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कोअर आय९-१३९००के ९ गिगाहर्ट्झच्या वर गेला खरा, पण द्रवरूप हेलियम ओतून. तो विक्रम आहे, सबमिशनच्या आदल्या रात्रीची सेटिंग नाही.

शिवाय तुमचा पीसी ओव्हरक्लॉक होतो का, ते तरी आधी बघा. गावाकडे येणारे सेकंडहँड ऑफिसचे पीसी बहुतेक करून लॉक असलेल्या प्रोसेसरचे असतात. इंटेलमध्ये 'के' अक्षर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीमध्ये ए३२०, ए५२० बोर्ड चालत नाहीत. अशा पीसीला एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी जे देईल, ते कुठलंही व्होल्टेज देणार नाही.

माझं मत विचाराल तर आपल्या हवेत हुशारीची गोष्ट ओव्हरक्लॉकिंगपेक्षा अंडरव्होल्टिंग आहे. वेग तोच, व्होल्टेज कमी. तेच सूत्र आता आपल्या बाजूने चालतं: व्होल्टेज ५ टक्के उतरलं की वीज साधारण १० टक्के उतरते. मघाच्या उदाहरणात वाढ ५० वरून ४५ वर येते, म्हणजे ४२ अंशांच्या खोलीत ९२ ऐवजी ८७. रायझन ५००० पासून पुढे कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. उणे १० पासून सुरुवात करा. इंटेलच्या काही प्रोसेसर-बोर्डांवर हे लॉक असतं. तिथे पॉवर लिमिट थोडी खाली आणा. व्होल्टेज जास्तच कमी झालं तर प्रोसेसर जळत नाही, पीसी हँग होतो. मात्र फाइल खराब होऊ शकते, म्हणून प्रोजेक्टचा बॅकअप आधी घ्या.

ज्यांना ओव्हरक्लॉकच करायचंय, त्यांच्यासाठी माझे नियम साधे आहेत. आधी काहीही न बदलता लोडवरचं तापमान, व्होल्टेज आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. व्होल्टेज अगदी छोट्या पायऱ्यांनी वाढवा आणि आकडा बायोसमध्ये नाही, लोडवर वाचा. लोड-लाइन कॅलिब्रेशन सगळ्यात वरच्या लेव्हलला नेऊ नका, लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं. सिनेबेंच दहा मिनिटं चाललं म्हणजे पास नव्हे, ओसीसीटी तासभर चालवा. हिवाळ्यात टेस्ट करत असाल तर तापमान ७५ च्या आत ठेवा, वरचे २० अंश उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. घरात कापूस साठवला असेल तर त्याचे तंतू कूलरच्या पात्यांत अडकतात, त्यामुळे वेचणीनंतर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा साफसफाई करा. थर्मल पेस्टही तेव्हाच बदला. एवढं केल्यावरही काही अंश खाली येतात आणि वॉरंटीला धक्का लागत नाही. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

आणि खरी परीक्षा घ्यायची तर मे महिन्यात दुपारी तीन वाजता घ्या. खिडकी उघडी, पंखा नेहमीसारखा. तेव्हा जो वेग टिकेल, तो तुमचा. बाकी सगळा हिवाळ्याकडून घेतलेला उसना.

एक विनंती. उद्या ज्युनिअर तुम्हाला विचारेल, "दादा, सेफ व्होल्टेज किती?" तेव्हा नुसता आकडा सांगू नका. प्रोसेसर कुठला, कूलर कुठला, लोड कुठला आणि खोलीत किती अंश होते, तेही सांगा. त्याच्या घरात तो एकच पीसी असणार आहे.