कचऱ्याचा काटा आधी सरळ करा

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमार नगर ही कोळी बांधवांची वसाहत आहे. नकाशावर हा भाग दक्षिण मुंबईचा असला तरी येथील जीवन किनाऱ्यावरच्या एखाद्या गावासारखे आहे. मासळी, बर्फ, जाळी-दोरखंड, किराणा आणि चहाच्या टपऱ्या यांवरच वस्तीचा व्यवहार चालतो. अशा वस्तीच्या कचऱ्याचा विषय निघाला की महानगरपालिकेला दोष देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पालिकेची जबाबदारी आम्ही नाकारत नाही. तथापि हा प्रश्न जितका झाडूचा आहे तितकाच तराजूचाही आहे, आणि तराजू व्यापाऱ्याच्या हातात असतो.

मुंबईतील सुका कचरा आधी वेचणाऱ्याच्या गोणीत, मग गल्लीतील भंगारवाल्याच्या काट्यावर आणि तेथून धारावी किंवा कुर्ल्याच्या गाळ्यांत जातो. तेथे माल निवडला जातो, धुतला जातो, त्याची गिट्टी होते, गिट्टीचा दाणा होतो आणि दाण्यापासून पुन्हा बादल्या, पाइप तयार होतात. मालेगावातही या धंद्यावर अनेक घरे चालतात. या साखळीत मुस्लिम कारागीर व व्यापारी मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा विषय या पानाचा आहे.

या धंद्याचे खरे नुकसान पहिल्या काट्यावर होते. मासेमारीचे जाळे बहुधा नायलॉनचे असते आणि दोरखंड बहुधा दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचा. नायलॉन सुमारे 220 अंशांवर वितळते, तर जाड पॉलिथिन 130 अंशांच्या आसपास. दोन्ही एकत्र घातले तर दाणा बिघडतो. त्यामुळे मिसळलेल्या गाठोड्याला भाव मिळत नाही आणि भाव नसलेला माल किनाऱ्यावरच पडून राहतो. मासळीचे टाकाऊ भाग सुक्या कचऱ्यात मिसळले की तोही घाण माल ठरतो. थर्माकोलच्या पेट्यांत तर बहुतेक हवाच असते. गोणी भरली तरी वजन होत नाही, म्हणून ती कोणी उचलत नाही.

हे सारे शेवटी समुद्रात जाते आणि परत येते. डोलजाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीसारखे उभे असते. पाण्याबरोबर जे येईल ते त्यात अडकते. मासळीऐवजी पिशव्या निवडण्यात कोळी बांधवाचा वेळ जातो, जाळे फाटते आणि त्याचा खिसा रिकामा झाला की त्याच्याच गल्लीतील दुकानदाराची उधारी थकते.

दुकानदार बंधूंनीही आपला हिशेब तपासावा. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली; पहिल्या गुन्ह्याला 5,000, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही पातळ पिशवी गल्ल्यागल्ल्यांत दिसतेच. कापडी पिशवी महाग पडते ही छोट्या दुकानदाराची तक्रार रास्त आहे. पण शिलाईच्या कारखान्यांतून रोज चिंधी निघते. तिच्या पिशव्या शिवण्याचे काम आपल्याच कारागिरांना दिले आणि ग्राहकाने पिशवी परत आणल्यास पैसे परत केले, तर दंडाची भीतीही जाईल आणि चार घरांना रोजीही मिळेल.

पुण्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तेथे 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचकांना ओळखपत्रे मिळाली आणि 2008 पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. जे लोक उकिरड्यावर विखुरलेले होते, ते संघटित झाल्यावर कराराच्या मेजावर बसले. केंद्राच्या 2016 च्या नियमांनीही कचरा वेगळा करणे बंधनकारक करून वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले.

मच्छीमार नगरसारख्या वस्तीत आमच्या मते चार गोष्टी ताबडतोब करता येतील. भंगारवाल्याने निवडलेल्या व मिसळलेल्या मालाचे वेगवेगळे भाव फळ्यावर लिहावेत. पावसाळी मासेमारी बंदीत जाळी दुरुस्त होतात. त्या वेळी जाळे आणि दोरखंड यांसाठी दोन निराळ्या गोण्या किनाऱ्यावर ठेवाव्यात. मासळी व्यापाऱ्याने थर्माकोलची पेटी परत घेण्याची अट खरेदीतच घालावी. आणि वेचकाला उचल देऊन कमी भावात बांधून ठेवण्याची रीत बंद व्हावी. त्याची अडचण भागवायला मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून बिनव्याजी कर्ज देता येते. हे काम मोहल्ला कमिटी, भंगार व्यापारी आणि कोळी बांधवांची संस्था यांनी एकत्र बसूनच होईल.

भंगाराचा धंदा हलका समजणारे लोक आपल्यातही आहेत. कष्टाची हलाल रोजी हलकी नसते. काटा मारून मिळवलेली असते. माप पुरे भरण्याची सक्त ताकीद कुरआनने दिली आहे आणि ती सोन्याच्या तराजूइतकीच भंगाराच्या काट्यालाही लागू आहे. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईच्या गोणीतले अर्धा किलो मारणारा तिचा हक्क तर मारतोच, शिवाय उद्या तिने तो माल उचलावा याचे कारणही संपवतो.

मिरकरवाडा, हर्णै, श्रीवर्धन या कोकणच्या बंदरांवरील वाचकांनीही आपापल्या किनाऱ्यावर हा हिशेब मांडून पाहावा. पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी येईल तेव्हा येवो. काटा सरळ करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.