मावशींना कोणी विचारले?

पक्षाघाताचा रुग्ण घरी येतो तेव्हा सोबत औषधांची पिशवी, डिस्चार्ज कार्ड आणि पुढच्या तपासणीची तारीख येते. दुसऱ्या दिवशी ब्यूरोकडून बारा तासांच्या पाळीवर मावशी येतात. पुरुष असेल तर 'मामा'; नावाने हाक दोघांनाही क्वचितच मिळते. कार्ड बहुधा इंग्रजीत, आणि ते त्यांना वाचून दाखवण्याचे कोणाला सुचत नाही. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, डायपर, लघवीची पिशवी मात्र त्यांच्याच गळ्यात.

याला वरकाम समजले जाते, तिथेच घात होतो. माकडहाड, खुबा, टाच अशा उंचवट्यांवर शरीराचा भार सतत राहिला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि काही तासांतच त्वचेला इजा सुरू होऊ शकते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. शय्याव्रणाची पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली. सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही. तिथला भाग गरम किंवा कडक लागतो. हे आठ दिवसांनी येणाऱ्या डॉक्टरांच्या आधी अंग पुसणाऱ्या हाताला कळते. ती जागा तेल लावून जोरात चोळली तर इजा वाढते, हेही त्या हाताला कोणीतरी सांगायला हवे.

भरवण्याचेही तसेच. पक्षाघातानंतर अनेकांचे गिळणे बिघडते. आडवे ठेवून चहा पाजला तर तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णाला ताठ बसवून लहान घास द्यायचे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यायचे. खाताना ठसका लागला, आवाज घोगरा झाला तर थांबून डॉक्टरांना कळवायचे. लघवीची पिशवी खाटेवर ठेवली की लघवी उलटी जाऊन जंतुसंसर्गाचा धोका. ती मूत्राशयाच्या पातळीखालीच हवी.

परिचारिकेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. घरी येणाऱ्या मदतनीसांकडे कोणी काही मागत नाही. 'जनरल ड्युटी असिस्टंट' हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे खरा, पण घरचे विचारतात ते पाळीचे पैसे. सत्तर किलोचा माणूस एकटीने उचलायचा तर मावशींची पाठ किती दिवस टिकणार, हा हिशेबही कोणी मांडत नाही. अंगाखालची चादर धरून दोघांनी सरकवले तर भार कमी होतो. दुसरे दोन हात घरच्यांनी द्यावेत.

रुग्णालयांना यासाठी नवा विभाग काढायला नको. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी मदतनीसाला बोलावून सिस्टरने अर्धा तास सारे हाताने करून दाखवावे, सूचना मराठीत लिहून द्याव्यात. घरी एक वही असावी: कूस कधी बदलली, किती खाल्ले, लघवी किती, त्वचेवर काय दिसले. लिहिता येत नसेल तर मावशींनी सांगावे, घरच्यांनी उतरवावे. आणि तपासायला आलेल्या डॉक्टरांनी नातेवाइकांच्या आधी ती वही मागावी.