उल्हासनगरला नाक मुरडून परदेशी व्यापार शिकता येत नाही

बदलापूर-अंबरनाथच्या मराठी घरांत गेली काही वर्षं एक नवं खूळ शिरलं आहे. मुलगी किंवा मुलगा पदवीधर झाला की त्याला ‘इंटरनॅशनल बिझनेस’मध्ये एमबीए करायला पाठवायचं. अभ्यासक्रमात ‘इंटरकल्चरल कम्युनिकेशन’ नावाचा पेपर असला तर विचारायलाच नको. वडील पीएफमधून पैसे काढतात, वर शैक्षणिक कर्ज घेतात. फी लाखांत असते. तो पेपर पास होऊन आलेली मुलं माझ्या शेजारच्या टेबलावर बसली आहेत, कारण अंबरनाथच्या एमआयडीसीत निर्यातीच्या कामात माझं निम्मं आयुष्य गेलं. म्हणून स्पष्टच सांगतो. हा विषय आज ज्या पद्धतीने शिकवला जातो, ती पालकांची लूट आहे. आणि जिथे तो खरोखर शिकता येतो, त्या गावाला आपण पंच्याहत्तर वर्षं हिणवत आलो आहोत.

त्या पेपरात असतं काय? जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं. जर्मनाला उशीर खपत नाही. अरबांसमोर डावा हात पुढे करू नये. अशा पन्नासेक सूचना पाठ करायच्या, त्यांची पीपीटी करायची आणि गुण घ्यायचे. या सूचना शिळ्याही होतात. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर नेली आणि शुक्रवार अर्धा दिवस कामाचा केला. सौदी अरेबियात मात्र शुक्रवार-शनिवारच सुट्टी राहिली. त्यानंतरही ‘आखातात शुक्रवारी सुट्टी’ एवढं एकच वाक्य घोकून आलेली मुलं मी पाहिली. ज्या कापडवाल्याचा चुलतभाऊ दुबईत दुकान चालवतो, त्याला हे कळायला पुस्तक उघडावं लागत नाही.

मग येतो हॉफस्टेड. गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासल्या आणि १९८० साली चाळीस देशांची तुलना करणारं पुस्तक काढलं. मोठ्या-लहानाची उतरंड किती मान्य केली जाते, या मोजमापात भारताला ७७ गुण आहेत. हे आकडे देशादेशांची सरासरी सांगतात, समोर बसलेल्या माणसाला लावायचे नाहीत, असं खुद्द हॉफस्टेडने बजावलं होतं. आमच्या वर्गांत नेमकं तेच बजावणं गाळून आकडा तेवढा शिकवला जातो. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनमधला सिंधी दुकानदार, बदलापूर गावातला आगरी शेतकरी आणि आनंदनगर एमआयडीसीत पाळी करणारा झारखंडचा मजूर या तिघांना एकच ७७ लावून जो परदेशी व्यापाराला निघाला, त्याला आपली शेजारची माणसंसुद्धा कळलेली नाहीत. तो पोलंडच्या ग्राहकाला काय ओळखणार?

या आकड्यामागे जे खरं आहे, ते कारखान्यात उभं राहिल्यावर दिसतं. आमच्या पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात युरोपातल्या ग्राहकाकडून एक ऑडिटर बाई आली होती. कागद चोख होते. एसओपी, बॅच रेकॉर्ड, ड्रमवरची लेबलं, सगळं जागच्या जागी. ड्रायरपाशी ती थांबली आणि तिथल्या ऑपरेटरला दुभाष्यामार्फत विचारलं, तापमान मर्यादेच्या वर गेलं तर तू काय करतोस? त्याने तोंड उघडलं तोच प्रॉडक्शन मॅनेजर मध्ये पडले आणि एसओपीतला परिच्छेद घडाघडा म्हणून मोकळे झाले. बाईने पुन्हा ऑपरेटरकडे बघून विचारलं. पुन्हा साहेबच बोलले. ऑपरेटरने हातमोजे काढून खिशात घातले आणि खाली बघत उभा राहिला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, वहीत लिहिलं. अहवालात शेरा आला, की कामगारांना मोकळेपणाने बोलू दिलं जात नाही, त्यामुळे नोंदींवर विश्वास ठेवणं कठीण आहे.

मॅनेजर पुढे महिनाभर सांगत फिरले, बाई खडूस होती. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पाहुण्यांसमोर हाताखालच्या माणसाची फजिती होऊ नये, म्हणून त्यांनी त्याला वाचवलं होतं. आपल्याकडे याला सांभाळून घेणं म्हणतात आणि घराघरांत हेच शिकवतात. तिच्या देशात याचा सरळ अर्थ होतो, की हा माणूस काहीतरी दडवतो आहे. त्या खोलीत उभे असलेले दोघेही आपापल्या परीने सभ्यपणे वागले आणि ऑर्डर लटकली. याला म्हणतात आंतरसांस्कृतिक संवादाचा प्रश्न. कार्ड एका हाताने दिलं की दोन, याने आजवर कुणाची ऑर्डर गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ऑर्डरी जातात त्या वाईट बातमी दाबून ठेवल्यामुळे. मालात ओलावा जास्त भरला हे शिफ्टवरच्या पोराला सोमवारी माहीत असतं आणि ग्राहकाला ते न्हावाशेवाहून कंटेनर निघाल्यावर कळतं. मधले दिवस ‘साहेब आले की सांगू’ यात जातात.

आता उल्हासनगरकडे येतो. बदलापूरहून गाडीत बसलं की अंबरनाथ आणि मग उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच ही नावं आजही पत्त्यावर आहेत. या माणसांकडे जमीन नव्हती, इथली भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी पापड विकले, लोकलमध्ये गोळ्या विकल्या, आणि पुढे कापड, फर्निचर, जीन्स यांचे बाजार उभे केले.

व्यापार त्यांच्या समाजाला नवा नव्हता. सिंधमधल्या हैदराबादच्या सिंधवर्की पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून माल्टा, कैरो, कोबे, सुराबाया, पनामा अशा ठिकाणी पसरल्या होत्या. फ्रेंच इतिहासकार क्लोद मार्कोवित्स यांनी २००० साली सिंधच्या व्यापाऱ्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तरुण पोरांना काही वर्षांच्या करारावर परदेशातल्या दुकानात धाडत, आणि तिथली भाषा, तिथलं गिऱ्हाईक, तिथला कस्टमवाला हे सगळं ती पोरं काउंटरमागे उभी राहून शिकत. उल्हासनगरला आलेले सगळे काही त्या पेढ्यांतले नव्हते. त्यांत छोटे दुकानदार होते, कारकून होते, गावाकडची माणसंही होती. पण काउंटरवर माणूस वाचायचा असतो, ही समज त्या समाजात मुरलेली होती.

ती कशी चालते ते बघायचं असेल तर लग्नसराईत उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये जा. मुरबाड, कर्जत, शहापूरकडची कुटुंबं तिथे बस्ता बांधायला येतात. पंधरा-वीस माणसं एकदम दुकानात शिरतात. दुकानदार नवरीकडे बघतही नाही. कोपऱ्यात पदर सावरून बसलेल्या म्हातारीला तो आधी चहा देतो, कारण पैसा मुलाच्या खिशात असला तरी होकार तिचा असतो, हे त्याने ओळखलेलं असतं. मग विचारतो, मामाकडचे किती, करवल्या किती, हळदीच्या साड्या एकाच रंगाच्या हव्यात ना? मानपानाच्या साड्या तो आधी दाखवतो आणि नवरीचा शालू शेवटी काढतो. सुरुवातीलाच शालूची किंमत ऐकली तर मानपानावर हात आखडतो आणि मागून रुसवेफुगवे होतात, हे त्याला ठाऊक आहे. ‘आक्का, ही विहिणीला नको, फिकी पडेल,’ असं तो मराठीत, तेही आगरी वळणाने म्हणतो. मग मान वळवून सुरतच्या माल पाठवणाऱ्याशी फोनवर गुजरातीत बोलतो, बिहारच्या हमालाला हिंदीत गाठोडं उचलायला सांगतो आणि गल्ल्यावरच्या वडिलांशी सिंधीत हिशेब करतो. शेजारी त्याचा दहावीतला मुलगा घड्या घालत हे सगळं बघत असतो. त्या मुलाचं शिक्षण चालू असतं. एका परक्या समाजाचं लग्न, त्यातली उतरंड, त्यातले रुसवे त्याला आपल्या घरातल्यासारखे कळू लागतात. हाच मुलगा उद्या लागोसला किंवा हाँगकाँगला गेला तरी पहिल्या दिवशी हेच करणार: या घरात होकार कुणाचा चालतो, ते शोधणार.

आणि आपण काय केलं? ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तीन पिढ्या चघळला. साप आणि सिंधी यांच्यावरची ती घाणेरडी म्हण आपल्या दिवाणखान्यांत अजूनही हसत हसत सांगितली जाते, मुलांच्या देखत. १० एप्रिल १९६७ पासून सिंधी ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे. ती रोज आपल्या गाडीत, आपल्या डब्यात बोलली जाते. तरी ती शिकलेला मराठी मुलगा मला आजवर भेटलेला नाही. तोच मुलगा जपानीच्या परीक्षेसाठी दर रविवारी पुण्याला जातो. जपानी जरूर शिकावं, चांगली भाषा आहे, नोकऱ्याही आहेत. पण शेजाऱ्याबद्दल तुच्छता बाळगून परक्याबद्दल आदर शिकता येतो, हा भ्रम आहे. तुच्छतेची सवय विमानात बसताना गावी ठेवून जाता येत नाही. नायजेरियन ग्राहकाचा मेल आला की हीच सुशिक्षित मुलं ‘फ्रॉड असेल’ म्हणून हसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या देशात सिंधी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या धंदा करून आहेत.

मराठी माणसाच्या रक्तातच व्यापार नाही, हे रडगाणंही मला मान्य नाही. १६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, तेव्हा त्याची बोलणी चालवणारा दुभाषी नारायण शेणवी हा आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस होता. अंबरनाथमध्ये स्वीडिश भांडवलाचा विम्कोचा आगपेटी कारखाना १९२०च्या दशकात आला. परदेशी मालक आणि इथले कामगार यांचा अनेक दशकांचा अनुभव त्या गावाच्या गाठीशी आहे. विम्को नाक्यावर आपण रोज रिक्षा पकडतो. तो कारखाना चाललेला पाहिलेली म्हातारी माणसं आजही गावात आहेत. एखाद्या वाणिज्य महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे वही घेऊन पाठवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

उल्हासनगरचं सगळंच डोक्यावर घ्या, असंही मी म्हणत नाही. तिथल्या व्यवहारात भरवसा नात्यागोत्यावर चालतो, कागद कच्चा असतो, आणि परदेशी ग्राहक आज कागद मागतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राना प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. त्यानंतर युरोपचे ब्रँड विचारू लागले, की कपडा कोणत्या इमारतीत शिवला, कुणी शिवला, धुलाईचं पाणी कुठे सोडलं. वालधुनी नदी जीन्सच्या रंगाने निळी-काळी वाहत होती तेव्हा उल्हासनगरकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि वॉशिंगच्या कारखान्यांना त्याची किंमत मोजावी लागली. रसायनांच्या सांडपाण्याबाबत अंबरनाथही सोवळं नाही. धंद्याची जबाबदारी कुठवर जाते, याबद्दल दोन समाजांची समजूत वेगळी असते. हा आंतरसांस्कृतिक संवादाचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे आणि तो वालधुनीच्या काठावर उभं राहून शिकता येतो. उल्हासनगरला माणूस वाचता येतो, अंबरनाथला ऑडिटचे कागद करता येतात, बदलापूरकडे शिकलेली पोरं आहेत. एका रेल्वेमार्गावरची ही तीन गावं एकमेकांकडून काही घेत नाहीत, हे आपलं करंटेपण आहे.

म्हणून माझं मागणं महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडे आहे, आणि ते अजिबात अवघड नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने फिल्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंगला श्रेयांक दिले आहेत. आज ते श्रेयांक कुठल्या तरी ओळखीच्या कंपनीचा शिक्का आणून मिळवले जातात. हा खोटेपणा बंद करा. एका सत्रात मुलांना गजानन मार्केटच्या किंवा जीन्सच्या काउंटरवर उभं करा, दुसऱ्या सत्रात अंबरनाथच्या निर्यात विभागात बसवा. गिऱ्हाइकाचा होकार कसा ओळखला आणि ऑपरेटर गप्प का राहिला, यावर त्यांच्याकडून मराठीत दहा पानं लिहून घ्या आणि त्यावर गुण द्या. उल्हासनगरच्या व्यापारी संघटनांनी या मुलांना दार उघडावं, आणि त्यांना नुसते फुकटचे नोकर समजू नये. कारखान्यांच्या मालकांनी पुढच्या ऑडिटला मॅनेजरला बाहेर बसवावं आणि ऑपरेटरला बोलू द्यावं.

आणि पालकांनो, फी भरण्याआधी त्या संस्थेला दोन प्रश्न विचारा. हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाने परदेशी ग्राहकाशी एक तरी व्यवहार स्वतः केला आहे का? आणि दोन वर्षांत मुलं किती दिवस वर्गाबाहेर, वेगळ्या समाजाच्या माणसांबरोबर काम करणार आहेत? उत्तर मिळालं नाही तर चेक फाडून टाका.